ट्विटरचा नळ

ट्विटरच्या अभियंत्यांनी २००९च्या सुमारास आपल्या साठ्यातून ट्विट्स बाहेर सोडण्याच्या तीन वाटा केल्या आणि त्यांना नावे दिली ती पाण्यावरून. सगळी सार्वजनिक ट्विट्स जिच्यातून धो धो येत ती ‘फायरहोज’, म्हणजे आगीच्या बंबाची नळी. साधारण दहा टक्के सोडणारी ‘गार्डनहोज’, बागेला पाणी घालायची. आणि शंभरातले एखादे ट्विट देणारी ‘स्प्रिट्झर’, नुसता शिडकावा. पहिली नळी करार करणाऱ्यांची, दुसरी कंपनीची परवानगी मिळवणाऱ्यांची, तिसरी कोणाचीही. नावे गमतीने ठेवली असतील, पण बसली चपखल. नळावर भांडे लावणाऱ्याला धरण दिसत नाही. पाणी किती वाजता येते आणि किती दाबाने, एवढेच त्याला कळते. समाजमाध्यमांवरचे लिखाण प्रोग्रामने गोळा करून त्यातून समाजाविषयी निष्कर्ष काढण्याची जी विद्या गेल्या वीसेक वर्षांत उभी राहिली, तिचा इतिहास बहुधा गणिताचा आणि संगणकाच्या वाढत्या ताकदीचा म्हणून सांगतात. मला तो आधी या नळाचा इतिहास वाटतो. संशोधकांनी काय विचारले यातले बरेचसे, नळ कोणाच्या हातात होता आणि तो किती उघडला होता, यावरून ठरले.

पहिले ट्विट मार्च २००६मधले. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीने एपीआय खुला केला. एपीआय म्हणजे प्रोग्रामसाठी ठेवलेली खिडकी: ठरलेल्या नमुन्यात मागणी करायची, ठरलेल्या नमुन्यात उत्तर घ्यायचे. त्यामागे ज्ञानदानाचा हेतू नव्हता. कंपनी नवखी होती. बाहेरच्यांनी आपल्या माहितीवर अ‍ॅप्स बांधावीत आणि आपला पसारा फुकटात वाढावा, हा साधा व्यापारी हिशोब होता. शोधाच्या खिडकीवर तर २०१३पर्यंत ओळखसुद्धा दाखवावी लागत नसे. पत्त्यापुढे हवा तो शब्द जोडला की त्या शब्दाची ट्विट्स हजर. २००९मध्ये पायथनसाठी ‘ट्वीपी’ आले आणि ज्याला प्रोग्रामिंग जेमतेम येते त्यालाही दहा-वीस ओळींत हजारो ट्विट्स फाइलीत उतरवता येऊ लागली. फेसबुकवर त्याहून कितीतरी जास्त माणसे होती, पण त्यांचे बहुतेक बोलणे मित्रमंडळाच्या भिंतीआड. ट्विटर उघड्यावर होते, म्हणून सगळे तिकडे वळले. झैनेप तुफेकी यांनी २०१४मध्ये याला नेमकी उपमा दिली: जीवशास्त्रात फळमाशी, तसे या शास्त्रात ट्विटर. फळमाशी बाटलीत मावते, लवकर वाढते, स्वस्त पडते. मात्र तिच्यावरून हत्तीबद्दल किती बोलावे, हे जीवशास्त्रज्ञांना ठाऊक असते.

इथे ते भान यायला वेळ लागला. २०१० हे या विद्येचे उधाणाचे वर्ष. जपानमध्ये साकाकी, ओकाझाकी आणि मात्सुओ यांनी ट्विटर वापरणारा प्रत्येक माणूस हा एक भूकंपमापक मानला आणि जपानी हवामान खात्याच्या मोजपट्टीवर तीन किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे ९६ टक्के भूकंप नुसत्या ट्विट्सवरून ओळखून दाखवले. हे काम अजूनही डौलाने उभे आहे, कारण प्रश्न आणि साधन यांचा मेळ बसला होता: जमीन हलली की माणूस लगेच लिहितो, आणि तेच शोधायचे होते. त्याच वर्षी बोलेन, माओ आणि झेंग यांनी ट्विटरवरच्या जनमानसातून शेअर बाजाराच्या चढउताराची दिशा ८७.६ टक्के अचूक सांगता येते, असे मांडले आणि पैसेवाल्यांचे कान टवकारले. जर्मनीत तुमास्यान आणि सहकाऱ्यांनी २००९च्या निवडणुकीआधीची लाखभर ट्विट्स मोजली आणि पक्षांच्या उल्लेखांचे प्रमाण मतांच्या प्रमाणाशी जवळजवळ जुळते, असा निष्कर्ष काढला. दोन वर्षांनी युंगहेर आणि सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. मूळ मोजणीत सहाच पक्ष घेतले होते. पायरेट पार्टी त्यात घेतली असती, तर ट्विटरच्या हिशोबाने निवडणूक तिनेच जिंकली असती. प्रत्यक्षात तिला दोन टक्के मते पडली होती. इंटरनेटवेड्या तरुणांचा पक्ष इंटरनेटवर गाजणारच. मोजणीत चूक नव्हती. जे हाताशी आले तेच समाज म्हणून मोजले, ही चूक होती.

यावर कोणी म्हणेल की ही बालपणीची धडपड. पद्धती सुधारल्या, चुका मागे पडल्या. पद्धती सुधारल्या हे खरेच. पण प्रश्नांचा साचा बदलला नाही, आणि त्याचे कारण एपीआयच्या नियमांत सापडते. वाहत्या धारेतून निवडायचे तर जास्तीत जास्त ४०० शब्द देता येत. मागचे शोधायचे तर सुमारे सात दिवसांपलीकडे जाता येत नसे. शोध पंधरा मिनिटांत १८० वेळा. मर्यादा गाठली की प्रोग्राम झोपी जायचा आणि पाळी आली की उठायचा. रात्रभर संगणक चालू ठेवून सकाळी फाइल किती फुगली ते बघायचे, ही या धंद्याची नित्याची रीत. आता या नियमांत कोणता अभ्यास बसतो? ज्याला आधीच ठाऊक असलेला एखादा शब्द आहे, जो अचानक उसळतो आणि आठवड्याभरात ओसरतो. म्हणजे हॅशटॅग. आंदोलन, निवडणूक, पूर, क्रिकेटचा सामना. ज्या गोष्टी हळूहळू, वेगवेगळ्या शब्दांत, हॅशटॅग न लावता बोलल्या जातात, त्या जाळ्यात येतच नव्हत्या. आणि जे येत होते ते तरी प्रातिनिधिक होते का? मॉर्स्टॅटर आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये सीरियाविषयीच्या ट्विट्सची फुकटची धार फायरहोजशेजारी ठेवून पाहिली. फुकटच्या धारेत सरासरी निम्म्याहूनही कमी ट्विट्स येत होती, आणि थोडेच आघाडीचे हॅशटॅग काढले तर दोन्हींकडच्या याद्या नीट जुळत नव्हत्या. तोवर याच धारेवर लिहिलेल्या निबंधांची गणती नव्हती.

नळाइतकाच भांड्याचाही आकार महत्त्वाचा, आणि ते मराठीत फार स्पष्ट दिसते. पायथनच्या सायकिट-लर्न या सर्रास वापरल्या जाणाऱ्या साधनात मजकुराचे शब्द पाडणारा एक आयता नियम असतो: सलग दोन किंवा अधिक अक्षरे म्हणजे शब्द. पण त्याच्या व्याख्येत काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरे नव्हेत, त्यामुळे तिथे शब्द तुटतो. ‘पाऊस’ दिला तर ‘प’ एकटा पडतो म्हणून गळतो, काना गळतो, आणि यादीत नोंद होते ‘ऊस’. ‘किती’ तर पूर्ण नाहीसा होतो. पावसाची ट्विट्स मोजायला बसलेल्याच्या पदरात उसाचे पीक यावे, आणि प्रोग्रामने कसलीही तक्रार करू नये, असा हा प्रकार. नियम बदलता येतो, पण तो बदलायला हवा हे कळण्यासाठी मराठी वाचणारा माणूस समोर लागतो. २०२१मध्ये पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटाने सुमारे सोळा हजार मराठी ट्विट्सवर एकेक करून सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ अशा खुणा केल्या. पुढच्या वर्षी द्वेषमूलक भाषेसाठी पंचवीस हजारांहून अधिक ट्विट्सचा संच केला. इंग्रजीत असे संच कितीतरी आधी तयार झाले होते. मराठीची भांडी घडू लागली तेव्हा नळ बंद व्हायला दोनच वर्षे उरली होती.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. नळ बंद झाले ते बरेच झाले, लोकांचे खासगी बोलणे कोणीही उपसून न्यावे का? केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणाने या आक्षेपाला धार आणली. सुमारे २,७०,००० जणांनी फेसबुकवर एक प्रश्नावलीचे अ‍ॅप घेतले आणि त्यांच्या मित्रांसकट ८ कोटी ७० लाख खात्यांची माहिती बाहेर गेली. भारतात अ‍ॅप घेणारे ३३५, झळ पोचण्याची शक्यता असलेले साडेपाच लाखांवर. आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे: ट्विट सार्वजनिक असले म्हणजे लिहिणाऱ्याने अभ्यासाला संमती दिली, असे होत नाही. पण क्रम पाहावा. मित्रांची माहिती देणारी ती वाट फेसबुकने २०१५मध्येच बंद केली होती. प्रकरण गाजले २०१८मध्ये, आणि त्यानंतर जी कुलपे लागली त्यांनी सार्वजनिक पानांचा अभ्यास करणारी विद्यापीठांतली साधनेही बंद पाडली. कंपनीच्या आत मात्र सगळी माहिती तशीच राहिली. २०१२मध्ये ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या पानांवरचा मजकूर न सांगता कमीजास्त करून त्यांच्या भावनांवर काय परिणाम होतो, हा प्रयोग झाला होता तो फेसबुकच्या आतूनच. खासगीपणाचे रक्षण म्हणून जे झाले, त्यात पाहणाऱ्यांची संख्या घटली. पाहिले जाणे कमी झाले नाही.

दुसरा आक्षेप इतिहासकाराचा आहे. कोणत्या दप्तराला रखवालदार नव्हता? पुण्याच्या पेशवे दप्तराला इंग्रज सरकारने दीर्घकाळ कुलूप घातलेच होते. राजवाडे घरोघरी हिंडून कागद जमवत राहिले, आणि दप्तरातले निवडक कागद सरदेसायांच्या संपादनाखाली ४५ खंडांत छापून यायला १९३०चे दशक उजाडले. तुलना रास्त आहे, पण पुढे टिकत नाही. कुलूप उघडले तेव्हा आत कागद होते, आणि आजही सरदेसायांचे वाचन मूळ रुमालाशी ताडून पाहता येते. ट्विटरच्या अटींनुसार संशोधकाला जमवलेली ट्विट्स सरसकट दुसऱ्याला देता येत नसत, फक्त त्यांचे क्रमांक देता येत. दुसऱ्याने ते क्रमांक एपीआयला दाखवून मजकूर पुन्हा भरून घ्यायचा. या क्रियेलाही नाव पाण्याचेच, ‘हायड्रेशन’. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने एप्रिल २०१०मध्ये सगळी सार्वजनिक ट्विट्स जपण्याचा करार केला तेव्हा या अडचणीवर कायमचा तोडगा निघेल असे वाटले होते. २०१३पर्यंत तिथे १७ हजार कोटी ट्विट्स साठली, पण पहिल्या चार वर्षांच्या साठ्यात एकच शोध घ्यायला २४ तास लागत. साठा अभ्यासकांना खुला न करताच ग्रंथालयाने १ जानेवारी २०१८पासून सरसकट जमवणे थांबवले आणि निवडक ट्विट्सच ठेवायला सुरुवात केली.

जानेवारी २०२१मध्ये ट्विटरने विद्यापीठीय संशोधकांना महिन्याला एक कोटी ट्विट्स आणि पहिल्या दिवसापासूनचा सगळा साठा फुकट दिला, तेव्हा या विद्येला प्रथमच भरपूर पाणी मिळाले. ते दोनच वर्षे टिकले. मालकी बदलली होती. २ फेब्रुवारी २०२३ला कंपनीने आठवड्याभरात फुकटचा एपीआय बंद होणार असे जाहीर केले. ६ तारखेला तुर्कस्तान आणि सीरिया भूकंपाने हादरले. ढिगाऱ्याखालून आणि नातेवाइकांकडून येणारे पत्ते तुर्की प्रोग्रामर त्याच एपीआयमधून वेचून नकाशावर मांडत होते. ओरड झाली, मुदत थोडी पुढे गेली, आणि मार्चअखेर दरपत्रक आले: महिन्याला १०० डॉलर, दहा हजार ट्विट्स. त्या दराने जुन्या एका महिन्याचा कोटा भरायला ८३ वर्षे लागतील. त्याच वर्षी रेडिटने दर लावले. फेसबुकवरचा सार्वजनिक मजकूर पाहू देणारे क्राउडटँगल ऑगस्ट २०२४मध्ये बंद झाले. खिडकी नसेल तर भिंतीवरून उडी मारावी, म्हणजे पानेच स्क्रेप करावीत, हा मार्ग काहींनी धरला. पण लिंक्डइनशी पाच वर्षे भांडलेल्या हायक्यू या कंपनीचे उदाहरण समोर आहे: सार्वजनिक पाने उतरवणे ही घुसखोरी नव्हे असा कौल अपील न्यायालयाने एप्रिल २०२२मध्ये तिच्या बाजूने पुन्हा दिला, आणि वर्षअखेरीस वापराच्या अटी मोडल्याच्या मुद्द्यावर तिलाच हार पत्करावी लागली.

ऑगस्ट २०१४मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन गावात पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन हा तरुण मारला गेला, तेव्हा एड समर्स या ग्रंथालयीन प्रोग्रामरने ‘ट्वार्क’ नावाच्या साधनाने दोनेक आठवड्यांत १ कोटी ३० लाख ट्विट्स टिपली. नियमाप्रमाणे इतरांपर्यंत गेले ते त्यांचे क्रमांक. अशा फायली जगभरच्या विद्यापीठांच्या संग्रहांत आजही आहेत: एका ओळीत एक आकडा, अठरा-एकोणीस अंकी. कोणी आपले ट्विट पुसले असेल किंवा खाते बंद केले असेल, तर त्या आकड्यापुढे मजकूर येत नाही. बाकीच्यांपुढे तो आणायचा तर दर भरावा लागतो.