शनिवार तेलींचा शनिवार

नायगावात माझ्या आजोबांच्या पिढीचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालत असे. आजोबा साचे चालवायचे. शुक्रवारी दिवसपाळी आली की जुम्म्याच्या नमाजपुरते त्यांचे साचे शेजारचा जोडीदार सांभाळायचा. गणपतीत त्याला आरतीसाठी घरी लवकर जायचे असले की आजोबा त्याचे साचे बघायचे. अब्बा हे आजही सांगतात. वर्गात मुलांना इतिहास शिकवताना मला यातूनच एक प्रश्न पडत गेला. इबादतीचा वेळ माणसाला नेमका कुणाकडून मिळतो? मालकाकडून, कायद्याकडून, शेजाऱ्याकडून, की स्वतःकडूनच?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या कोकणातच आहे. अलिबाग, पेण, पनवेल, मुरूड या पट्ट्यात शेकडो वर्षे मराठी बोलणारा यहुदी समाज राहिला. ते स्वतःला बेने इस्रायल म्हणवतात. गावोगाव त्यांचा धंदा तेल गाळण्याचा होता आणि लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हे नाव त्यांनी घेतलेले नव्हते, शेजाऱ्यांनी दिलेले होते. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा सब्बाथ सुरू होई. आपल्याकडेही तारीख मगरिबला बदलते, तसाच हा हिशेब. कुरआनात त्याचाच उल्लेख ‘सब्त’ असा येतो. शनिवारी रात्र पडेपर्यंत घाणा बंद. तौरातच्या आज्ञेत विश्रांतीचा हक्क चाकराला आणि जनावरालाही आहे. घाणा थांबला म्हणजे बैलही मोकळा.

त्यांच्या परंपरेनुसार पूर्वज समुद्रात जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि धर्मग्रंथ बुडाले. पुढच्या पिढ्यांजवळ इब्रानी भाषा उरली नाही. उरले ते थोडेच : खतना, खाण्यापिण्याचे नियम, अल्लाह एक असल्याची ग्वाही देणारी ‘शेमा’ ही प्रार्थना आणि शनिवार. ग्रंथ गेला तरी वार राहिला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

वार राहिला याला दोन कारणे होती. एक म्हणजे घाणा त्यांचा स्वतःचा होता. तो केव्हा थांबवायचा हे विचारायला दुसरा कुणी मालक नव्हता. दुसरे कारण गावाचे. कोकणात हिंदू तेल्यांनाही ‘सोमवार तेली’ म्हणत, कारण ते शंकराच्या वारी घाणा बंद ठेवत. ज्या गावात प्रत्येकाचा काही ना काही वार पाळला जातो, तिथे एकाचा शनिवार कुणाला खुपत नाही.

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईला येऊ लागली. कंपनीच्या पलटणीत शिरली, सुभेदार झाली. पुढे सरकारी कचेऱ्या, रेल्वे, टपाल खाते. पगार वाढला, शिक्षण वाढले, पण शनिवार हातचा गेला. पलटणीत आणि कचेरीत वार सरकारचा असतो. याच शहरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीत होते. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टीला आधार दिला. कामगारांसाठी हा मोठा विजय होता. पण सगळ्या शहराचा वार एक झाला, आणि ज्यांचा वार शुक्रवार किंवा शनिवार होता त्यांना आपला वेळ स्वतःच काढावा लागला.

बेने इस्रायलींनी तो काढला. सॅम्युएल इझिकेल दिवेकर या त्यांच्या सुभेदाराने १७९६ मध्ये मांडवी भागात ‘शाआर हा रहामीम’ म्हणजे रहमतीचे दार हे प्रार्थनास्थळ उभारले. ही मंडळी त्याला ‘मशीद’च म्हणत. धर्मकार्य चालवणारे ‘काझी’ होते. एलूल महिन्यातल्या उपवासांना ते ‘रमजान’ म्हणत आणि हजरत इलियास यांच्या नावाने उरूस करत. योम किप्पूर म्हणजे ‘दार फाळणीचा सण’. त्या दिवशी दारे लावून, पांढरे कपडे घालून, उपवास धरून बसायचे. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी मुंबईत शाळा काढली. मराठी बोलणाऱ्या मुलांना तिथे इब्रानीही मिळू लागली. हीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातील सर जेकब ससून शाळेत तर आज बहुसंख्य मुले मुसलमानांची आहेत.

स्वातंत्र्याच्या सुमारास हा समाज वीसेक हजारांचा होता. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले. आता भारतात काही हजारच उरले आहेत. तिकडे शनिवार सरकारी सुट्टीचा झाला, पण तिथेही त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता मिळवण्यासाठी १९६४ पर्यंत लढावे लागले. आजच्या जागतिक राजकारणामुळे ‘यहुदी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. कोकणातला हा तेल गाळणारा मराठी शेजारी त्या चित्रात कुठेच नसतो. तो माहीत असणे इन्साफाचे आहे.

आपला जुम्मा हा सब्बाथ नव्हे. अजान झाली की व्यवहार थांबवावा, आणि नमाज झाली की पुन्हा रोजीच्या शोधात जावे, असे आपल्याला सांगितले आहे. म्हणजे आपल्याकडून पूर्ण दिवसही मागितलेला नाही. तरी आपण वेळ नाही म्हणतो. शिक्षक म्हणून मीही म्हणतो. मधल्या सुट्टीत जोहरची नमाज होऊ शकते, पण ती सुट्टी मोबाईल बघण्यात जाते. माझा घाणा कुणी दुसरा चालवत नसतो. तो थांबवायला माझाच हात पुढे येत नाही.

नायगावचे भोंगे केव्हाच बंद झाले. आजोबांचे साचे सांभाळणारा तो जोडीदारही आता नाही. तो पुन्हा मिळायला हवा असेल, तर आधी दुसऱ्याच्या आरतीच्या वेळी त्याचे साचे सांभाळायची तयारी आपल्यापाशी हवी.