प्रतापगडचा ख्वाजा आणि धर्माचे मर्म

महाशिवरात्रीस गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील प्रतापगडचा डोंगर ज्याने एकदा पाहिला, त्यास दोन धर्मांमधील सीमा नकाशावरील रेघेइतकी सरळ नसते हे निराळे सांगावयास नको. त्या एकाच डोंगराच्या आश्रयास महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी ह्यांच्या नावाचा दर्गाही आहे. बेलाची पाने घेऊन आलेला शेतकरी जाताजाता दर्ग्याच्या उंबऱ्यापाशीही हात जोडतो. चादर घेऊन आलेले मुसलमान कुटुंब ‘हर हर महादेव’च्या गजरातूनच आपली वाट काढते. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे सव्वातेरा लाखांच्या आतबाहेर वस्ती असलेल्या ह्या जिल्ह्यात मुसलमान शेकडा दोनच्या आसपास. तेव्हा दर्ग्यावरील गर्दी केवळ त्यांची नव्हे, हे उघडच आहे.

इतिहासाच्या अभ्यासकापुढे मात्र येथे एक अडचण उभी राहते. ख्वाजा उस्मान हारुनी हे अजमेरच्या मोइनुद्दीन चिश्तींचे गुरू. त्यांचा देह तेराव्या शतकाच्या आरंभी मक्केस पडला, असे चिश्ती परंपराच सांगते. मग झाडीपट्टीतल्या ह्या डोंगरात लोक डोके टेकतात ते कोणापुढे? सत्पुरुषाच्या नुसत्या स्मरणाने एखादी जागा पवित्र मानण्याची चाल सूफी पंथात जुनी आहे. समाधी एका गावी आणि पादुका दुसऱ्या गावी, हा प्रकार आपणांसही अपरिचित नाही. पण हे उत्तर ज्याला त्याला पटेलच असे नाही.

मला हा प्रश्न प्रथम विचारला तो माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. आता तो शाळामास्तर आहे; नमाज, रोजे ह्यांत चुकत नाही. त्याची आई दरवर्षी प्रतापगडला जात असे, आणि लहानपणी तोही तिच्या पदरास धरून जाई. पुढे त्याने वाचन केले, जाणत्यांची प्रवचने ऐकली आणि जाणे सोडले. “सर, ह्याला कुराणात आधार नाही आणि इतिहासातही नाही. मग अम्मी तिथे कशासाठी जाते?” त्याच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, दुःख होते. आईचे प्रेम खरे आणि तिचे आचरण मात्र खोटे, ह्या पेचात तो सापडला होता. मी त्यास तेव्हा काहीतरी उत्तर दिले, पण माझे मलाच ते अपुरे वाटले.

पुढे ध्यानात आले की माय-लेकरांमधील हा वाद आपल्या न्यायमंदिरांत कित्येक वर्षे चालू आहे. धर्मातील मर्म कोणते आणि भरताड कोणती, हे ठरवावयाचे कोणी? ता. २ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी ह्या प्रश्नास हात घातला. (पुढे १९५४ साली त्यांनी पोटनिवडणूक लढविली ती भंडाऱ्याहून, म्हणजे ज्या जिल्ह्यातून १९९९ साली गोंदिया वेगळा झाला तेथून.) ह्या देशात जन्मापासून मरणापर्यंत सारेच धर्माच्या कक्षेत आणले गेले आहे, तेव्हा जे मूलतः धार्मिक आहे तेवढ्यापुरतीच धर्माची मर्यादा आखली पाहिजे, असा त्यांचा आशय होता. सामाजिक सुधारणेची वाट मोकळी राहावी ही त्यामागील तळमळ होती, आणि ती रास्तच होती.

परंतु न्यायासनापुढे ह्या विचारास निराळेच वळण लागले. एखाद्या धर्माचे अत्यावश्यक अंग कोणते हे त्या धर्माच्या सिद्धांतांवरूनच ठरवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली शिरूर मठाच्या खटल्यात म्हटले. १९५८ साली गोवधबंदीच्या कायद्यांविरुद्ध मुसलमान खाटिकांचे अर्ज आले. त्या कायद्यांत आमच्या जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचा १९४९ चा कायदाही होता. तेव्हा न्यायमूर्तींनी ‘हिदाया’ ह्या धर्मशास्त्रग्रंथाचे इंग्रजी भाषांतर उघडले. एकट्यास बकरा आणि सात जणांत मिळून गाय अथवा उंट अशी मुभा त्यात आहे, म्हणून बकरी ईदेस गाईचीच कुर्बानी बंधनकारक नाही, असा निर्णय दिला. निकालाचे इष्टानिष्ट बाजूस ठेवू. घटनेचा अर्थ लावावयास बसलेला न्यायाधीश येथे मुफ्तीचे काम करू लागला, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

१९६१ साली तर वाद थेट प्रतापगडच्या ख्वाजांच्या शिष्यापर्यंत, अजमेरपर्यंत पोहोचला. तेथील दर्ग्याच्या कारभाराविषयी संसदेने १९५५ साली केलेल्या कायद्यास खादिमांनी आव्हान दिले होते. निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर ह्यांनी, साताऱ्यास जन्मलेल्या आणि संस्कृत पंडितांच्या घराण्यात वाढलेल्या एका महाराष्ट्रीयाने. दर्ग्यास सर्व धर्मांचे लोक येतात, ही गोष्ट त्यांनी आवर्जून नोंदविली. त्याचबरोबर, केवळ अंधश्रद्धेतून उपजलेले आणि धर्मास मागाहून चिकटलेले आचार घटनेच्या संरक्षणास पात्र नाहीत, असाही इशारा दिला. गजेंद्रगडकर हे खरे उदारमतवादी; परंतु माझ्या विद्यार्थ्याच्या आईस हा निकाल वाचून दाखविला, तर तिला तिच्या मुलाचेच शब्द ऐकू येतील. ग्रंथनिष्ठ मौलवी आणि सुधारणावादी न्यायाधीश एकमेकांस ओळखत नाहीत, पण ह्या बाईच्या विरुद्ध दोघांची साक्ष एकच पडते. ग्रंथ तिच्या बाजूस नाही. तिच्यापाशी आहे तो केवळ रिवाज.

मग रिवाजाचाच पक्ष घ्यावा काय? तसे म्हणण्याचा मोह मला होतो, पण इतिहास त्याच्या आड येतो. रिवाज नेहमीच दयाळू नसतो. एका दमात तीनदा ‘तलाक’ उच्चारून बायकोस घराबाहेर काढणे हाही रिवाजच होता, आणि त्यास ‘बिदत’ म्हणणाऱ्या शास्त्रींनीही तो शतकानुशतके चालू दिला. त्याविरुद्ध ता. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा घेऊन मुंबईच्या विधानभवनावर गेले. १९७० साली पुण्यास त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. त्या सात जणींचे गाऱ्हाणे न्यायालयात मान्य होण्यास २०१७ साल उजाडावे लागले. तेथेही तीन विरुद्ध दोन असा निवाडा झाला, आणि बहुमतातील तिघांच्या वाटाही वेगळ्या होत्या. न्या. कुरियन जोसेफ ह्यांनी कुराणाचा आधार घेतला, न्या. नरिमन आणि न्या. लळीत ह्यांनी मुख्य भर दिला तो ही रीत मनमानी असून समतेच्या हक्कास बाध आणते ह्यावर.

ह्याच्या उलट मुंबईच्या हाजी अलीचे उदाहरण घ्या. तेथे स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या मजारीपर्यंत जात होत्या. २०१२ च्या सुमारास विश्वस्तांनी ती वाट बंद केली आणि धर्माचा आधार सांगितला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली, व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात स्त्रिया पुन्हा आत गेल्या. येथे जुना रिवाज उदार होता आणि नवे शास्त्र कृपण!

तेव्हा जुने म्हणून राखावे हा नियम टिकत नाही, आणि ग्रंथात नाही म्हणून टाकावे हाही टिकत नाही. सार्वजनिक जीवनाने धर्मास विचारावयाचा प्रश्न ‘हा आचार अस्सल आहे काय?’ हा नव्हेच. तो भाविकांनी आपसांत विचारावा, त्यावर भांडावे, मने वळवावीत. राज्याने विचारावयाचे ते इतकेच: ह्या आचाराने कोणाचा हक्क बुडतो? कोणावर दार बंद होते? हा प्रश्न विचारला की तलाकची ती रीत आणि हाजी अलीची बंदी दोन्ही उभ्या राहू शकत नाहीत; आणि प्रतापगडावर चादर वाहणाऱ्या म्हातारीस आपल्या ख्वाजाची समाधी कोठे आहे ह्याचा पुरावा कोणापुढेही मांडावा लागत नाही. हा प्रश्न सोपा आहे असे मी म्हणत नाही; हक्क कोणता आणि तो किती दूर जातो ह्यावरही वाद होतील. पण ते वाद न्यायाधीशास पेलतील असे असतील. ‘हिदाया’चा अर्थ लावणे हे त्याचे काम नव्हे, आणि मनुस्मृतीचा लावणे हेही नव्हे.

माझा विद्यार्थी मध्यंतरी भेटला. त्याचे मत बदललेले नाही. दर्ग्यावर तो आजही डोके टेकीत नाही. आईचे गुडघे मात्र आता थकले आहेत. म्हणून यात्रेच्या दिवशी तो तिला स्वतः गाडीवर घेऊन जातो, गर्दीतून हात धरून दर्ग्यापर्यंत पोहोचवितो आणि आपण बाहेर चपला सांभाळीत उभा राहतो. आई परतली की तबर्रुकाचा एक दाणा त्याच्या हातावर ठेवते. “तो खातोस की नाही?” मी विचारले. तो हसला आणि म्हणाला, “सर, अम्मीने दिलेले आहे ना!”