मेणावरचं कुंकू

नवरीचा पहिला फोन येतो तेव्हा दोन प्रश्न ठरलेले असतात. पैसे किती आणि टिकेल ना? पहिल्याचं उत्तर मी एका वाक्यात देते. दुसऱ्याचं उत्तरही रोजच्या सवयीने देते, पण अलीकडे त्या प्रश्नापाशी माझं मन रेंगाळतं. कशासमोर टिकायला हवं? आणि कुणासाठी?

मी सांगली-मिरज भागात नवरीचा मेकअप करते. इथल्या लग्नाचा दिवस तुम्हाला माहीतच असेल. मे महिना, दुपारी साडेबाराचा मुहूर्त, हॉलचा एसी निम्माच चालू. नवरी पहाटे पाचला माझ्यासमोर बसते. मग गौरीहार, अंतरपाट, डोक्यावर अक्षतांचा मारा, लाजाहोमाचा धूर, सप्तपदी, घास भरवणं, दोनशे लोकांबरोबर फोटो, संध्याकाळचं रिसेप्शन आणि शेवटी पाठवणीचं रडं. त्यात मुंडावळ्यांचे मोती दिवसभर गालांवर घासत असतात. चौदा-पंधरा तास चेहऱ्याने हे सगळं सोसायचं आणि रात्रीच्या रीलमध्येही ताजं दिसायचं.

यावर उत्तर म्हणून बाजारात ‘वॉटरप्रूफ’ आणि ‘लाँग लास्टिंग’ असं लिहिलेल्या डब्या मिळतात. शब्द नवे आहेत, युक्ती मात्र माझ्या आजीच्या फणेरपेटीतही होती.

त्या पेटीत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची छोटीशी डबी असायची. अंघोळ झाली की आजी बोटाने कपाळावर आधी मेणाचा गोल लावायची, मग त्यावर कोरडं कुंकू दाबायची आणि नाकावर सांडलेलं पदराने झटकायची. या तीन हालचालींत आजचा अख्खा ब्रायडल मेकअप आहे. आधी त्वचेला धरून राहणारा थर, त्यावर रंग आणि मग जादा रंग झटकणं. आम्ही त्याला प्रायमर, पिगमेंट आणि सेटिंग म्हणतो.

मेणच का, यालाही कारण आहे. मधमाशांचं मेण पाणी आत शिरू देत नाही. ते साधारण ६२ अंशांना वितळतं, त्यामुळे सांगलीच्या उन्हाळ्यातही कपाळावरून ओघळत नाही, पण बोटाच्या उबेने मऊ होऊन पसरतं. त्यावर बसणारं पारंपरिक कुंकू म्हणजे हळदच. हळदीच्या डागावर साबण लावल्यावर तो लाल झालेला तुम्ही पाहिला असेल. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, आणि कुंकू करताना त्याच गुणाचा उपयोग होतो. सोलापूर जिल्ह्यातलं, करमाळा तालुक्यातलं केम हे गाव कुंकवासाठीच ओळखलं जातं.

पण कपाळावरच्या एका ठिपक्यासाठी एवढी तजवीज कशाला? कारण तो ठिपका फक्त शोभेचा नव्हता. नवरा जिवंत असल्याची ती खूण होती. आपली भाषाही त्याला घाबरून असते. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. ‘कुंकू पुसलं’ हे शब्द तर मेकअपबद्दल कुणी वापरतच नाही. आजीचं मेण घामापासून कुंकू वाचवायचं, पण त्यामागची धास्ती घामाची नव्हती.

टिकाऊ रंगाची दुसरी वाट रंगभूमीवरून आली, आणि तीही माझ्याच गावातून. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केलं. मराठी रंगभूमीची सुरुवात आपण तिथून मोजतो. म्हणजे पहिलं नाटकच एका लग्नाचं, आणि त्यातल्या नवरीच्या वेशात पुरुष होता, कारण बायकांना रंगमंचावर जागाच नव्हती. पुढे १८८८ मध्ये याच जिल्ह्यातल्या नागठाण्याला जन्मलेले नारायणराव राजहंस ‘बालगंधर्व’ झाले, तेव्हा घरंदाज बायका त्यांचं पाहून साडी नेसायला आणि गजरा माळायला लागल्या. नवरीने कसं दिसावं हे काही काळ एका पुरुषाकडे पाहून ठरत होतं.

नाटकाचा प्रेक्षक लांब बसतो. सिनेमाचा कॅमेरा मात्र नाकाजवळ येतो. रंगीत चित्रपट आला तेव्हा जुनी तेलकट रंगभूषा दिव्यांखाली चमकायला लागली आणि आजूबाजूच्या कपड्यांचे रंग चेहऱ्यावर दिसू लागले. हॉलिवूडमध्ये मॅक्स फॅक्टर या कंपनीने त्यावर पॅनकेक काढला. ओल्या स्पंजने लावायचा, वाळला की चमक न ठेवता चेहऱ्यावर बसायचा. १९३७ साली तो पडद्यावर आला. नट्या सेटवरून पॅनकेक घरी न्यायला लागल्या आणि १९३८ मध्ये तो दुकानात सर्वांसाठी मिळू लागला.

तुमच्या आईच्या किंवा मावशीच्या लग्नाचा अल्बम काढून बघा. चेहरा पांढराफटक, मान आणि हात मूळ रंगाचे, डोळे व्हिडिओवाल्याच्या दिव्याने मिटलेले. तो त्या मेकअपवालीचा अडाणीपणा नव्हता. हजारो वॉटच्या दिव्यांसाठी बनवलेली वस्तू मंगल कार्यालयात आली होती. या टप्प्यावर ‘टिकणं’ या शब्दाचा अर्थ बदलला. कपाळावरची खूण टिकवायची होती, आता फोटो टिकवायचा होता.

तिसरी वाट प्रयोगशाळेतली, आणि तिथे मला आवडणारी माणसं भेटतात. १९३० च्या दशकात व्हिएन्नामध्ये हेलेन विंटरस्टाइन-कांबर्स्की या गायिकेने पाण्याने न ओघळणारा मस्कारा तयार केला. गाताना घाम येतो आणि डोळे भरतात, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अमेरिकेत हेझल बिशप ही रसायनतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंधनावर काम करत होती. घरच्या स्वयंपाकघरात तीनशेहून अधिक प्रयोग करून तिने कपावर आणि गालावर न उतरणारी लिपस्टिक बनवली. १९५० मध्ये ती बाजारात आली आणि प्रचंड खपली. पण भागीदाराशी कोर्टात वाद झाला, १९५४ मध्ये तिला स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं आणि तिच्या नावाने सौंदर्यप्रसाधनं विकण्याचा हक्कही तिच्याकडे राहिला नाही. रंग टिकला, नाव गेलं. आपल्याकडे त्याच सुमारास, १९५२ मध्ये, टाटा ऑइल मिल्सने लॅक्मे सुरू केली आणि देशी लिपस्टिक मध्यमवर्गीय कपाटात शिरली.

आजच्या टिकाऊ लिपस्टिक आणि फाउंडेशनचं तत्त्व सोपं आहे. १९९४ मध्ये रेव्लॉनची कलरस्टे लिपस्टिक आली आणि तेव्हापासून ते घराघरांत पोहोचलं. पातळ, लवकर उडून जाणाऱ्या द्रावणात रंग आणि राळेसारखा पदार्थ मिसळलेला असतो. लावल्यावर द्रावण उडून जातं आणि त्वचेवर रंगाचा पातळ पापुद्रा उरतो. आजीचं मेण जे करायचं तेच, फक्त जास्त पातळ आणि जास्त चिवट.

हा इतिहास मला रोजच्या कामात उपयोगी पडतो. तुमचं किंवा घरात कुणाचं लग्न ठरलं असेल तर तुम्हालाही पडेल.

पहिली गोष्ट, वॉटरप्रूफ म्हणजे तेलप्रूफ नव्हे. घाम आणि आसवं म्हणजे पाणी, ती या थरावरून ओघळून जातात. पण त्वचेचं स्वतःचं तेल हा थर आतून सैल करतं. पापण्या तेलकट असतील तर महागातलं वॉटरप्रूफ काजळही दुपारपर्यंत खाली उतरतं. घरचं काजळ, म्हणजे दिव्याची काजळी आणि तूप, पसरायचं ते याच कारणाने. म्हणून आधी पापणीवरचं तेल टिपायचं, वर चिमूटभर पावडर दाबायची आणि मग काजळ.

दुसरी गोष्ट, जाड थर टिकत नाही, तडकतो. पातळ थर लावा, वाळू द्या, पुन्हा पातळ लावा. द्रावण उडायला वेळ लागतो. तो न देता वर पावडर थापली की चेहऱ्यावर पोपडे येतात.

तिसरी गोष्ट खास आपली. ट्रायल हळदीच्या आधी होते आणि मेकअप हळदीनंतर. हळदीने त्वचा पिवळी झालेली असते, त्यामुळे ट्रायलला जुळलेली शेड लग्नाच्या सकाळी चुकीची दिसते. मी दोन शेड सोबत ठेवते आणि खिडकीच्या उजेडात जबड्याच्या कडेला लावून बघते. हळद तेलात विरघळते, म्हणून आदल्या रात्री चेहरा आधी खोबरेलाने पुसून मग धुतला तर फरक पडतो.

चौथी, मुंडावळ्या आधी बांधून बघा. मोती जिथे घासतात तिथे क्रीम ब्लश नको. आणि रडायला आलं तर डोळे चोळू नका, रुमालाचं टोक खालून टेकवा. पाणी काही करत नाही, चोळणं करतं.

पाचवी, कोणतीही नवी वस्तू लग्नाच्या दिवशी पहिल्यांदा लावू नका. आठवडाभर आधी कानामागे लावून बघा. टिकून राहणाऱ्या वस्तू कधी जास्तच खोल खूण ठेवतात. मेण आणि कुंकू मागे पडून चिकटणारी टिकली आली, तेव्हा तिच्या गोंदातल्या रसायनाने काही बायकांच्या कपाळावर पांढरे डाग पडले.

आता या धंद्याबद्दल एक गोष्ट. नवरीचा मेकअप करणाऱ्या आम्ही बहुतेक बायका आहोत. तुम्हाला वाटेल, हे बायकांचंच काम. पण मुंबईच्या सिनेमासृष्टीत कित्येक दशकं बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळत नव्हतं. संघटनेच्या नियमानुसार ती फक्त हेअरड्रेसर होऊ शकत होती. चारू खुराना या प्रशिक्षित मेकअप आर्टिस्टला सदस्यत्व नाकारलं गेलं, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. १८४३ मध्ये बाईला रंगमंचावर जागा नव्हती. २०१४ पर्यंत बाईच्या चेहऱ्याला रंग लावायलाही तिला कायद्याने भांडावं लागलं.

मेकअप टिकवण्याबद्दल सगळे विचारतात. काढण्याबद्दल फार कमी जणी विचारतात. वॉटरप्रूफ थर पाण्याने निघत नाही, तेलाने निघतो. रात्री खोबरेल किंवा क्लिन्झिंग बाम कोरड्या चेहऱ्यावर हळूहळू फिरवायचा, मग धुवायचं. थकून तसंच झोपायचं नाही. हे मी कागदावर लिहून देते.

पण पुसण्याचाही एक इतिहास आहे आणि तो हळुवार नाही. नवरा गेला की बाईचं कुंकू दुसऱ्यांच्या हातांनी पुसलं जायचं, बांगड्या फोडल्या जायच्या. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा त्यांना गावाने बहिष्कृत केलं. एका कपाळावर पुन्हा कुंकू लागल्याची ती किंमत होती. त्यानंतर सव्वाशेहून जास्त वर्षांनी, कोविडमध्ये तरुण नवरे गेले तेव्हाही तेच विधी चालू होते. करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांनी त्याविरुद्ध मोहीम उघडली. ज्या तालुक्यात कुंकू बनतं, तिथूनच. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. हेरवाड आमच्याकडून तासाभराच्या अंतरावर आहे.

ठराव झाला म्हणून सगळं लगेच बदलत नाही. नवरीच्या आईचा मेकअप पॅकेजमध्येच असतो. आई विधवा असेल तर ती बहुतेक वेळा खोलीच्या कोपऱ्यात इस्त्रीचे कपडे आवरत राहते. गेल्या वर्षी एका आईला तिच्या लेकीने हाताला धरून माझ्या खुर्चीत बसवलं. तिने साडीचा काठ मुठीत धरला होता. पावडर लावू दिली, काजळ लावू दिलं. टिकलीची पाकिटं मी बाजूला ठेवली होती, विचारलं नव्हतं. तिनेच त्यातली एक छोटी मरून टिकली उचलून आरशात धरून पाहिली, मग परत ठेवली. माझ्या पेटीतली मेणाची डबी तिला दिसली.

“हे अजून वापरता होय?” ती म्हणाली.

नऊवारीवर चंद्रकोर काढायला वापरते, असं मी सांगितलं.

“मग तेच लाव मला. पण नीट बसव, घाम फार येतो मला.”