अंगणवाडीतल्या मदतनीस ताईंना 'पगार' का मिळत नाही?

रायगडाच्या पायथ्याशी, रोपवेच्या खालच्या स्टेशनजवळ हिरकणीवाडी आहे. तान्ह्या बाळासाठी रात्री गडाचा कडा उतरून आलेल्या हिरकणीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. एसटी स्टँडवरच्या 'हिरकणी कक्षा'लाही तिचंच नाव आहे. मूल घरी ठेवून कामावर जाणाऱ्या आईची अडचण मात्र आजही तीच आहे. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये आई शेतावर किंवा मजुरीला गेली, की दिवसातले काही तास लहान मुलांचा आधार असते अंगणवाडी.

तिथं शिकवणाऱ्या सेविका ताईंबद्दल थोडंफार बोललं जातं. त्यांच्या हाताखालच्या मदतनीस ताईंबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्यांना किती पैसे मिळतात आणि ते इतके कमी का, हे समजून घेऊया.

मदतनीस नेमकं काय करतात?

अंगणवाडी उघडणं, झाडलोट, पाणी भरणं, लहान मुलांना घरून आणणं, आहार शिजवणं आणि वाढणं, मुलांचे हात धुणं, शी-शू बघणं, वजन-उंची मोजताना मदत करणं ही त्यांची रोजची कामं. सेविका मीटिंगला किंवा गृहभेटीला गेल्या, की ३ ते ६ वर्षांच्या मुलांचा वर्गही त्याच सांभाळतात.

या पदासाठी बारावी पास आणि त्याच गावची रहिवासी असण्याची अट आहे. छोट्या वाड्यांमध्ये मिनी अंगणवाडी असायची आणि तिथं मदतनीसाचं पदच नसायचं. एकच बाई शिकवायची आणि स्वयंपाकही बघायची. राज्यातल्या सुमारे १३ हजार मिनी अंगणवाड्यांना आता पूर्ण अंगणवाडीचा दर्जा देण्यात आला आहे.

पैसे किती मिळतात?

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तेव्हा मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, मॅट्रिक नसलेल्या सेविकेला १०० रुपये, तर मदतनीसाला ३५ रुपये मिळायचे.

महाराष्ट्रात २०२३ च्या अर्थसंकल्पात मदतनीसांचं मानधन ४,४२५ वरून ५,५०० रुपये झालं. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात राज्यभर पन्नासहून अधिक दिवस संप झाला. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ पासून मदतनीसांचं मानधन ७,५०० आणि सेविकांचं १३,००० रुपये झालं. कामगिरीनुसार मिळणारा प्रोत्साहन भत्ता वेगळा.

साधा हिशोब करूया. ७,५०० ला महिन्याच्या २६ दिवसांनी भागलं, तर दिवसाला साधारण २८८ रुपये पडतात. त्याच वर्षी, म्हणजे २०२४-२५ मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे बारावीची अट असलेल्या कामाचं मूळ मानधन रोहयोच्या मजुरीपेक्षाही कमी.

यात केंद्राचा वाटा किती?

केंद्रानं मदतनीसांचं मानधन ऑक्टोबर २०१८ मध्ये १,५०० वरून २,२५० रुपये केलं. २०२५ पर्यंत हा आकडा तसाच होता. त्यातही केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के देतं. म्हणजे ७,५०० पैकी केंद्राकडून येतात फक्त १,३५०. बाकीची रक्कम राज्याची असते. त्यामुळेच एका राज्यातल्या आणि दुसऱ्या राज्यातल्या मदतनीसांच्या हातात वेगवेगळे पैसे पडतात.

मग 'पगार' का म्हणत नाहीत?

सगळी गोम 'मानधन' या शब्दात आहे. सरकारच्या मते या महिला मानसेवी आहेत आणि त्यांचं काम अर्धवेळ आहे. पगार म्हटलं की किमान वेतन, पीएफ, पेन्शन, भरपगारी रजा हे सगळं मागोमाग येतं. मानधन म्हटलं की ते टळतं. सर्वोच्च न्यायालयानंही २००६ मध्ये कर्नाटकच्या अमीरबी प्रकरणात सेविकांना सरकारी पदावरच्या कर्मचारी मानायला नकार दिला होता.

दुसऱ्या बाजूला, २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेनं योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता आणि किमान वेतन देण्याची शिफारस केली होती.

२०२२ च्या निकालानं काय बदललं?

२५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातमधल्या मणिबेन भारिया यांच्या प्रकरणात, न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटी कायदा १९७२ लागू होतो असं ठरवलं. मानधन हे त्या कायद्यानुसार वेतनच आहे आणि हे काम अर्धवेळ मानता येणार नाही, असंही न्यायालयानं स्पष्ट केलं.

याचा अर्थ पैशांत पाहू. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन. शेवटचं मानधन ७,५०० आणि सेवा ३० वर्षं धरली, तर रक्कम होते सुमारे १ लाख ३० हजार. महाराष्ट्राच्या जुन्या योजनेत मदतनीसांना निवृत्तीनंतर एकरकमी ७५ हजार ठरलेले आहेत. शब्दाच्या फरकातून होणारा हा फरक ५५ हजारांचा आहे.

गुजरात उच्च न्यायालय ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी पुढे गेलं. तिथल्या सेविकांना किमान २४,८०० आणि मदतनीसांना किमान २०,३०० रुपये द्यावेत, असा आदेश खंडपीठानं दिला. हा आदेश गुजरातपुरता आहे, पण इतर राज्यांतल्या संघटनांच्या हाती आता एक ठोस आकडा आला आहे.

बढती मिळते का?

केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सेविकांची निम्मी पदं पाच वर्षं अनुभव असलेल्या मदतनीसांमधून भरायची आहेत. पण एका अंगणवाडीत सेविकेचं पद एकच असतं. ते रिकामं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि अनेकींची उमेद त्या वाट पाहण्यातच जाते.

म्हणून बढतीची आशा दाखवून मदतनीसांच्या पैशांचा प्रश्न सुटत नाही. आपल्या गावातल्या अंगणवाडीत खिचडी कोण शिजवतं आणि सेविका नसताना पोरांना कोण सांभाळतं, हे एकदा जाऊन बघा. मग २८८ रुपये रोज पुरेसा आहे का, याचं उत्तर ठरवा.