केळीच्या मुळांतील सूत्रकृमी

तापीकाठच्या बऱ्हाणपूर जिल्ह्याचे केळी हे प्रमुख नगदी पीक. उन्हाळ्याच्या अखेरीस वादळी वाऱ्याने घड लागलेल्या बागा आडव्या होतात आणि सारा दोष वाऱ्याला दिला जातो. झाड मोडून न पडता कंदासह उपटून आले असेल, तर मात्र त्याची मुळे उभी चिरून पाहावीत. आत तांबूस-काळे चट्टे दिसल्यास सूत्रकृमींनी झाडाचा आधार आधीच पोखरला असण्याचा संभव असतो. मुळांवर गाठी असतील तर ती सूत्रकृमींची दुसरी जात होय.

मुळे पोखरणाऱ्या जातीचे वर्णन नेथन कॉब यांनी १८९३ मध्ये फिजीतील केळीवरून केले. भारतात ती १९६६ मध्ये केरळात नोंदली गेली. एक मिलिमीटरहूनही लहान असलेला हा कृमी स्वतःहून फार दूर जात नाही. त्याला गावोगावी पोहोचवतात ते मुनवे.

त्यामुळे रोगट बागेतील मुनवे लावू नयेत. लावणे भागच असेल तर कंद पांढरा दिसेपर्यंत तासून ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात २० मिनिटे बुडवावा. पाणी याहून तापल्यास कंदच मरतो. उतिसंवर्धित रोपे स्वच्छ असतात, पण दूषित जमिनीत त्यांचाही निभाव लागत नाही. बेवड म्हणून हळद टाळावी, कारण हाच कृमी तिच्याही मुळांत वाढतो. वांगी, टोमॅटो, भेंडी गाठीच्या सूत्रकृमीला पोसतात. त्याऐवजी ताग किंवा झेंडू घ्यावा व लागवडीच्या वेळी खड्ड्यात निंबोळी पेंड मिसळावी.