एक डिस्क गेली तर किती बुडतं? थरांच्या साठवणुकीचा इतिहास

जुन्नर तालुक्यातल्या घाटघरजवळ नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमा होत्या. आज तिथे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात. पण वर कोरलेली सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावं टिकली. बाजूच्या भिंतींवरच्या मोठ्या लेखात मात्र दगड फुटला तिथली अक्षरं कायमची गेली. साठवणुकीच्या इतिहासात आम्हाला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: मोडतोड होणारच, ती पसरू किती द्यायची?

संगणकात १९८८ साली पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ची कल्पना मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्क वापरायच्या. पण डिस्क वाढल्या की बिघाडही वाढणार. म्हणून मिरर, म्हणजे प्रत ठेवणं; आणि वेगासाठी स्ट्राइप, म्हणजे तुकडे वाटून ठेवणं. आता दोन्ही हवं असेल, तर आधी काय करायचं?

सहा डिस्क घेऊ. पहिली रीत: तीन डिस्कांवर स्ट्राइप आणि त्याची अख्खी प्रत उरलेल्या तिघांवर. एक डिस्क गेली की तिची पूर्ण बाजू बाद. मग दुसऱ्या बाजूची कोणतीही एक गेली, की सगळं संपलं. दुसरी रीत: आधी दोन-दोनच्या तीन मिरर जोड्या, मग त्यांच्यावर स्ट्राइप. इथे एक डिस्क गेली, तर धोका फक्त तिच्या जोडीदाराचा. नवी डिस्क लावल्यावर तेवढीच भरायची, अख्खी बाजू नाही.

व्हेरिटास व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये या दुसऱ्या रचनेला ‘लेयर्ड व्हॉल्यूम’ म्हणतात. वरच्या व्हॉल्यूमखाली थेट डिस्क नसते, लहान व्हॉल्यूम असतात. वापरणाऱ्याला वरचा एकच दिसतो. या कंपनीचं मोठं विकासकेंद्र पुण्यात होतं, म्हणजे घाटघरच्याच जिल्ह्यात.

याची किंमतही आहे. थर वाढले की कुठला तुकडा कुठे, याच्या नोंदी वाढतात. त्या नोंदी गेल्या, तर माहिती डिस्कवर असूनही जुळवता येत नाही. म्हणून त्यांच्याही प्रती अनेक डिस्कांवर ठेवतात. नाणेघाटात उलट झालं: नावं राहिली, प्रतिमा गेल्या.

आणि एक लक्षात ठेवू: मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाईल दोन्ही प्रतींतून एकाच वेळी पुसली जाते. बॅकअप वेगळ्या जागी लागतो. एकोणिसाव्या शतकात भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या अभ्यासकांनी नाणेघाटाच्या लेखाच्या नकला घेतल्या, त्या तशाच: दगडापासून दूर, कागदावर.