सत्तावीस श्वास : कायोत्सर्ग आणि आजचे सजगता-ध्यान

आमच्या घरी संध्याकाळच्या सामायिकाला आजीच्या शेजारी बसण्याची शिस्त होती. कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार मंत्र म्हणावयाचा. आम्ही मुले तो मिनिटभरात उरकून डोळे उघडत असू. आजी मात्र तशीच निश्चल. एकदा न राहवून मी कारण विचारले. ती म्हणाली, "अरे, मंत्र नऊ झाले तुझे, पण श्वास किती झाले?" या प्रश्नाचा अर्थ मला चाळीस वर्षांनी कळला, आणि तोही एका मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात. थोरल्या बंधूंच्या निधनानंतर माझी झोप पार उडाली होती. औषधाबरोबरच डॉक्टरांनी रोज काही वेळ केवळ श्वासाकडे लक्ष देत बसण्यास सांगितले. या पद्धतीला 'माइंडफुलनेस' म्हणतात, असेही ते म्हणाले.

मराठीत आपण तिला सजगता-ध्यान म्हणू. समाजात या विषयावर बोलणे निघाले की "हे सारे आपल्या आगमांत आहेच" असे वाक्य हटकून ऐकू येते. त्यामागील अभिमान समजण्यासारखा असला, तरी इतिहास म्हणून ते विधान टिकत नाही. या ध्यानाचे मूळ बौद्ध परंपरेतील 'सति' म्हणजे स्मृती या संकल्पनेत आहे. पाली ग्रंथांचे अभ्यासक टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 1881 साली या शब्दासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी प्रतिशब्द योजला आणि तोच पुढे रूढ झाला. ब्रह्मदेशात लेडी सयाडो (1846–1923) यांनी विपश्यना विहाराच्या भिंतींबाहेर, सामान्य गृहस्थांपर्यंत नेली. त्याच परंपरेतील सयाजी ऊ बा खिन हे तर सरकारी अधिकारी. 1948 साली ते स्वतंत्र ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल झाले होते. अर्धशिशीने बेजार झालेले सत्यनारायण गोयंका हे मंडाले येथे जन्मलेले मारवाडी व्यापारी 1955 साली त्यांच्याकडे गेले. तेच गोयंकाजी 1969 साली भारतात आले आणि त्यांचे पहिले शिबिर मुंबईत भरले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर 1976 पासून शिबिरे होऊ लागली. त्या शिबिरांत आपल्या समाजाचे लोकही जाऊन आलेले आहेत, हे निराळे सांगावयास नको.

अमेरिकेत रेण्वीय जीवशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात एक वर्ग सुरू केला. झेन व विपश्यना या दोन्हींचा त्यांना अनुभव होता. ज्यांच्या जुनाट वेदनांवर औषधांचा फारसा उपयोग होत नव्हता, असे रुग्ण त्यांच्याकडे येत. आठ आठवड्यांच्या या क्रमात धर्माचे नाव नव्हते. श्वास पाहणे, शरीराच्या एकेका भागावरून मन फिरविणे, आलेल्या विचाराला बरे-वाईट न म्हणता केवळ 'हा विचार आहे' असे ओळखणे, एवढेच त्यात शिकवीत.

पुढे सेगल, विल्यम्स आणि टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी हा क्रम नैराश्यासाठी बेतला. नैराश्यातून बरे झालेला मनुष्य पुन्हा का कोसळतो, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असे मिळाले, की किंचित उदासी आली की जुनी विचारांची साखळी आपोआप सुरू होते. झाले गेले ते मन उगाळत राहते आणि त्या उगाळण्यानेच मनुष्य खोल जातो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 145 रुग्णांच्या अभ्यासात, ज्यांना पूर्वी तीन वा अधिक वेळा नैराश्य येऊन गेले होते, त्यांच्यापैकी नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत 66 टक्क्यांना ते पुन्हा आले. हे ध्यान शिकलेल्यांत 37 टक्क्यांना. ज्यांना पूर्वी केवळ दोनदाच त्रास झाला होता, त्यांना मात्र असा लाभ दिसला नाही. 2014 साली 47 चाचण्यांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर ध्यानाचा मध्यम स्वरूपाचा उपयोग आढळला. परंतु औषध किंवा व्यायाम यांहून ते सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. हे स्वच्छ सांगितलेले बरे, कारण ध्यानाच्या उत्साहात गोळ्या बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. मी स्वतः त्या बंद केल्या नव्हत्या. डॉक्टरांनीच त्या क्रमाने कमी केल्या.

'उगाळणे' या शब्दापाशी मात्र मी थबकलो. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात उमास्वातींनी ध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त, रौद्र, धर्म्य आणि शुक्ल. लहानपणी पाठशाळेत हे पाठ करताना एक गोष्ट ध्यानात आली नव्हती, की पहिले दोन प्रकार त्याज्य असूनही त्यांना 'ध्यान'च म्हटले आहे. नको ते येऊन भिडले म्हणून, हवे ते दुरावले म्हणून, वेदना होते म्हणून, किंवा पुढील भोगांच्या लालसेने मन एकाच ठिकाणी खिळून राहते, ते आर्तध्यान. म्हणजे दुःख करीत बसलेल्या माणसाचे मन भरकटलेले नसून अतिशय एकाग्र असते, फक्त चुकीच्या जागी. बंधूंच्या आठवणीत रात्रभर जागणारा मी ध्यानच करीत होतो!

हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात योगशास्त्र लिहिले. त्याचा शेवटचा, बारावा प्रकाश आपण स्वानुभवावरून लिहीत असल्याचे ते सांगतात. तेथे मनाच्या विक्षिप्त, यातायात, श्लिष्ट आणि सुलीन अशा चार अवस्था येतात. 'यातायात' म्हणजे येरझाऱ्या घालणारे मन. अशा मनाला बळाने अडवू नये, अडविल्यास ते मत्त हत्तीप्रमाणे अधिकच उसळते, असा त्यांचा सल्ला आहे. ज्याने सजगता-ध्यानाचा एक वर्गही केला असेल, त्याला हे ओळखीचे वाटेल. अर्थात साम्य आहे म्हणून वारसा एक ठरत नाही. आचार्यांचे प्रयोजन कर्मनिर्जरा आणि मोक्ष हे होते. झोप येणे हे नव्हते.

मग आपल्याकडील ही वाट दिसेनाशी का झाली? माझ्या मते उत्तर आजीच्या प्रश्नात आहे. वट्टकेराचार्यांच्या मूलाचारात कायोत्सर्गाचे माप श्वासोच्छ्वासांत दिले आहे : दिवसाच्या प्रतिक्रमणाला 108, रात्रीच्या 54, वार्षिकाला 500. एका णमोकाराला तीन श्वास. पहिल्या दोन पदांना एक, पुढील दोन पदांना एक, शेवटच्या पदाला एक. नऊ णमोकार म्हणजे सत्तावीस श्वास. श्वेतांबर परंपरेतही कायोत्सर्गातील लोगस्साचे एक पद म्हणजे एक श्वास, असाच हिशेब आहे. काळाच्या ओघात मंत्रांची मोजणी आपल्याजवळ राहिली आणि श्वास गळून गेला. वेरुळच्या बत्तिसाव्या लेण्यात, अंगावर वेली चढलेल्या बाहुबलींसमोर उभे राहिलो की ही घाई फारच खटकते.

हा दुवा पुन्हा जोडण्याचा मोठा प्रयत्न तेरापंथात झाला. आचार्य तुलसी यांच्या प्रेरणेने मुनी नथमल, म्हणजेच पुढचे आचार्य महाप्रज्ञ (1920–2010), यांनी 1975 साली जयपूर येथे 'प्रेक्षाध्यान' या नावाने एक पद्धती मांडली. तिचा आरंभच कायोत्सर्गाने होतो आणि त्यानंतर श्वासप्रेक्षा येते. 'प्रेक्षा' म्हणजे खोलवर पाहणे. हा शब्द दशवैकालिक सूत्राच्या आधारे घेतलेला आहे. बाहेरून आलेल्या ध्यानपद्धतींचा द्वेष न करता आपल्या ग्रंथांत पुन्हा डोकावून पाहण्याची त्यांची रीत मला अधिक मोलाची वाटते.

हल्ली मी पहाटे सामायिकाला बसतो. मन पहिल्या तीन णमोकारांतच दोनदा तरी बाहेर जाऊन येते, कधी बंधूंच्या खोलीपर्यंतही. ते गेले हे कळले की पुढील श्वासापासून पुन्हा मोजतो. सत्तावीस श्वासांना मला दोन मिनिटे लागतात. आजीला किती लागत, ते मी कधी पाहिले नाही. मी तोवर उठून गेलेला असे.